कोरड्या दिवशी ओतलेलं पाणी

जळगावातल्या एका महाविद्यालयात, रसायनशास्त्र विभागात, कौतिकनाना एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. त्यांच्या हातून काचेचं भांडं कधी फुटलं नाही. दर शनिवारी ते विभागात कोरडा दिवस पाळत. कूलर, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, जिथे पाणी साचलं असेल ते ओतून, पुसून कोरडं करत. महापालिकेची डासांविरुद्धची मोहीम चार दिवस चाले आणि थांबे. नानांची थांबली नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांची लेक रूपा डेंग्यूने गेली होती. अळ्या सापडल्या त्या घरातल्याच टाकीत.

चोपड्याकडची दिपमाला तिथे पीएच.डी. करत होती. पसरट काचपात्रातल्या पाण्यावर काहीतरी सोडून ती तासन्‌तास बघत बसे.

“ताई, यामा मासा सोडेल शेतस का?” नानांनी एकदा विचारलं.

“मासे कसले नाना, चटई विणतेय! साधं प्लॅस्टिक म्हणजे रेणूंचे लांब दोरे. हे रेणू मात्र चारी बाजूंनी गुंफले जातात. जाडी फक्त एका रेणूची.”

“एमआयडीसीमा चटया ढीगभर शेतस. इतला खटाटोप कसाले?”

“त्या दिसतात, नाना. माझी नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही.”

त्यासाठी लागणारा रेणू तिने अकरा पायऱ्यांनी, दीड वर्ष खपून तयार केला होता. एप्रिलमध्ये त्यातला शेवटचा चिमूटभर उरला. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपत होती. आधीचे दोन प्रयत्न प्रयोगशाळेतल्या पंपाच्या हादऱ्याने पाणी हलून फसले होते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तिने पात्र मागच्या वजनकाट्याच्या खोलीत ठेवलं, तो चिमूटभर रेणू पाण्यावर सोडला, झाकणावर चिठ्ठी चिकटवली आणि ती गावी गेली.

शनिवारी नानांना त्या खोलीत झाकून ठेवलेलं स्वच्छ पाणी दिसलं; दिपमालाचं पात्र एरवी बाहेरच्या टेबलावरच असे. त्यांनी ते बेसिनमध्ये ओतलं, पात्र साबणाने घासलं. नंतर फरशी पुसताना टेबलाखाली चिठ्ठी सापडली. उन्हाळ्यात डिंक सुटून ती खाली पडली होती. ‘सोमवारपर्यंत हात लावू नये. दिपमाला.’

नाना स्टुलावर बसून राहिले. मग उठले, पात्रात पहिल्याएवढंच शुद्ध पाणी भरलं आणि झाकण ठेवलं.

सोमवारी चटई उचलायला दिपमालाने त्या पाण्यात तांब्याची बारीक जाळी बुडवून अलगद वर काढली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग दुसरी, तिसरी, अशा नऊ. काहीच नव्हतं.

“रेणू जुळलेच नाहीत,” ती म्हणाली. “माझी आखणीच चुकली.”

दोन दिवस ती वहीत तेच लिहीत होती, आपलीच चूक शोधत होती. नाना चहा ठेवून जात. तो तसाच गार होई. बुधवारी दुपारी ते कप न उचलता उभे राहिले.

“ताई, तुनं काही चुकनं नही. ते पानी मीच ओतं. दुसरं भरी ठेवं.”

तिने वहीतून मान वर काढली. “मग जुळले होते का, नाना? दिसण्यासारखं नसतं, तरी ओतताना काही दिसलं? साय फाटल्यासारखं?”

हो म्हणणं सोपं होतं. नानांनी डोळे मिटून आठवून पाहिलं.

“नही ताई. नुसतं पानीच दिसनं.”

“म्हणजे आता कधीच कळणार नाही,” दिपमाला म्हणाली. ‘रेणू जुळले नाहीत’ या ओळीवर तिने काट मारली. ‘नमुना नष्ट झाला’ असं लिहून पेन थांबवलं.

“मन्हं नाव लिख.”

“तुम्हीच लिहा.”

तिने वही पुढे सरकवली. एकतीस वर्षांत प्रयोगाच्या वहीत नानांनी पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं, पूर्ण नाव, आणि खाली तारीख घातली.