खंडेनवमीचं ताट

झेंडूच्या वासात मशीनच्या तेलाचा वास मिसळला, की मला चाकणच्या त्या कंपनीतली खंडेनवमी आठवते. काळेवाडीतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं एकमेकांच्या राजीखुशीने संसार करत होतो, तो, त्याची लग्नाची बायको आणि मी. आदल्याच रविवारी, अशा घरांच्या हक्कांसाठी चिंचवडला झालेल्या सभेत त्याने माईक धरून ठणकावलं होतं, "आम्हा तिघांचं घर हे घरच आहे, कायद्याने ते मानलंच पाहिजे!" त्याच्या कंपनीने पूजेला घरच्यांना बोलावलं, तेव्हा त्या भरवशावर मीही हौसेने नवी साडी नेसून गेले. हार घातलेल्या मशीनपुढे सुपरवायझरने मला बघून विचारलं, "आणि या कोण, भाऊ?" तो पटकन म्हणाला, "बहीण." "मग ताई, मशीनबरोबर भावालाही ओवाळा की!" ताट माझ्या हातात आलं. मी त्याच्या बायकोकडे पाहिलं, तर ती पदर सारखा करत राहिली. आणि त्या मेल्याने कुंकवासाठी मुकाट कपाळ पुढे केलं. मी ओवाळलं. आजही मी अशा सभांना जाते, पण एकटी. कायदा आम्हाला ओळखत नाही म्हणून तिथे तावातावाने भांडते. कायद्याचं सोडा, तो तर मला ओळखत होता.