यादीत नसलेले आबा

परवा शिरगणतीवाले गुरुजी घरी येऊन नावं लिहून गेले आणि मला धुळ्याची ती कचेरी आठवली. डांबरगोळ्यांचा वास, कुबट कागद आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेले आमच्या गावच्या भिलाटीतले, भिल्लांच्या वस्तीतले आबा. नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला जातीचा दाखला हवा होता, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो होतो. जुन्या खानेसुमारीत आबांच्या वडिलांचं नाव, जात, सगळं सापडलं. पुढे मात्र लिहिलेलं होतं, मूल नाही.

"मग हे कोण?" मी टेबलावर हात आपटला. तेव्हा मी नुकताच चळवळीची पत्रकं लिहायला लागलो होतो. खरं ठणकावून सांगितलं की सरकार झुकतं, असं वाटायचं. "आबा, सांगा यांना काय झालं ते!"

आबा म्हणाले, "मोजणीवाला उना तवय मायनी माले कापूसना ढिगमा दपाडं. आधीना दोन पोरे मरी गयतात. मोजेल पोरगं जगत नही, म्हने ती."

कारकून हसला. "मग ज्यात लपवलं त्या कापसाला साक्षीला बोलावू का?" आणि त्याने अर्जावर लिहून टाकलं, नोंद कुटुंबानेच टाळली.

अर्ज फेटाळला गेला, प्रवेशही गेला. तेव्हा मी कारकुनाला शिव्या घातल्या. गावची जन्ममृत्यूची वही शोधायची सोडून आबांना बोलायला लावून नकाराचं कारण मीच लिहवून घेतलं, हे आज कळतं.

त्या दिवशी निघताना आबा दारातून परत फिरले आणि पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवत कारकुनाला म्हणाले, "भाऊ, मी आते आठेच शे. माले आते लिखी ले ना."

मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं.