मंगरूकाकाची झोप

ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, अशा माणसाने एक गोष्ट चौदा वर्षं पोटात ठेवली, हे तुम्हाला खरं वाटेल? माझ्या बायकोला विचारा. ती म्हणेल, या माणसाला गुपित सांगण्यापेक्षा गावात दवंडी दिलेली बरी, निदान लोकांना वाढवलेलं तरी ऐकावं लागणार नाही. आणि तरी ही गोष्ट तिलाही ठाऊक नाही. कोणालाच नाही. तुमच्यापाशी पहिल्यांदा तोंड उघडतो आहे — आणि बघा, उघडतानाही मी आधी तुम्हाला हसवायला बघतोय. सवय. जाऊ द्या.

आधी डोंगराबद्दल सांगतो. ते सोपं आहे.

आमचं गाव मोहाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायाशी. पावसाळ्यात त्या डोंगराकडे कोणी बघत नाही आणि उन्हाळ्यात बघवत नाही. पण आश्विन लागला की काय सांगू! आभाळ घासून ठेवलेल्या पितळी परातीसारखं लख्ख. गवत छातीइतकं वाढलेलं, खालून हिरवं, शेंड्याला सोनेरी, आणि वारा आला की सगळा उतार एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतो. सागाची पानं किड्यांनी खाऊन जाळी झालेली, त्यातून ऊन झिरपून खाली पडतं. माथ्यावर उभं राहिलं की खाली धानाचे बांध — हलकं धान पिवळं, भारी धान अजून हिरवं — मध्ये तलावाचं पाणी, आणि अगदी लांब वैनगंगेची एक पांढरी रेघ. या डोंगराची मी इतकी तारीफ केली आहे की भंडाऱ्याचे मास्तर लोकसुद्धा दरवर्षी दसऱ्यानंतर माझ्यासोबत वर येतात. मी हात पसरून उभा राहतो, जणू तो मीच बांधला. मग खाली उतरून जेवणं झाली की ते म्हणतात, "आता मंगरूकाकाची झोप होऊ द्या!"

ती माझी सगळ्यांत गाजलेली गोष्ट. गावचा गुराखी मंगरूकाका भर दुपारी डोंगरावर असा झोपतो की त्याच्या घोरण्याने साळुंक्या उडतात. गाई एकमेकींकडे बघतात, पाय न वाजवता खाली उतरतात, आणि भागरताबाईच्या कापणीला आलेल्या धानात पंगत मांडतात. मी घोरून दाखवतो. गाईंचं दबकं चालणं दाखवतो. भागरताबाईचा आरडाओरडा दाखवतो. लोकांची पोटं दुखतात.

तुम्हीही हसला असता. गोष्ट चांगलीच आहे. फक्त — मंगरूकाका झोपला नव्हता.

थांबा. नीट सांगतो.

ते साल चौऱ्याहत्तर. मी सव्वीस वर्षांचा, शिकलेला, नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून घरी बसलेला. वडील गावचे पाटील. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात, आणि त्या वर्षी आमच्या गावच्या नाटकात मला पहिल्यांदा राजाचं काम मिळालं होतं. वडिलांना नाटकाचं वेड मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी एकाच अटीवर होकार दिला होता — घरच्या कामात चूक दिसली की नाटक बंद. म्हणून मी घरी पाठांतर करत नसे. दुपारी डोंगरावर जायचो आणि मंगरूकाकाच्या गाईंसमोर राजा व्हायचो.

काका गोवारी. गावची सगळी ढोरं त्याच्या हवाली. त्याचा बाप हेच करायचा, आजा हेच. पन्नाशीचा असेल, काटक, बोलणं कमी. माझे संवाद ऐकून एकदाच म्हणाला होता, "बाबू, राजा एवढा ओरडते काहून? त्याचं आयकतेच ना सारे."

त्या दुपारी तो धावत आला. आमचीच कपिली गाय खालच्या नाल्यात व्यायला बसली होती आणि अडली होती.

"बाबू, मी तिले पाह्यतो. तवर ढोराईकडं ध्यान ठेवा जी. धानाकडं उतरू देऊ नोका."

"जा ना, काका. मी आहो ना."

हे मी म्हणालो. मी आहो ना. तीन शब्द. ते मला आजही माझ्याच आवाजात ऐकू येतात — चांगला, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज.

आणि मग मी काय केलं? माथ्यावरच्या खडकावर चढलो. ऊन तिरपं झालं होतं, गवत पेटल्यासारखं दिसत होतं. दरबाराचा प्रवेश अशा उजेडात एकदा करून बघावा असं वाटलं. गाईंकडे पाठ केली, दरीकडे तोंड केलं, आणि अख्खं राज्य समोर पसरलेलं पाहून बोलत सुटलो. किती वेळ? घंटाभर तरी. इतकं सुंदर काम मी पुन्हा कधी केलं नाही, हेही खरंच आहे. वळून पाहिलं तेव्हा उतारावर एकही गाय नव्हती. आयुष्यातले माझे पहिले प्रेक्षक उठून गेले होते.

खालून भागरताबाईची आरोळी आली. मी काय करावं? धावावं, बरोबर? मी धावलोच. पण गावाकडे, मागच्या वाटेने, घरी.

मंगरूकाका संध्याकाळी कपिलीला आणि तिच्या ओल्या कालवडीला घेऊन आला. कालवड त्याच्या खांद्यावर होती, धोतर रक्ताने माखलेलं. त्याला धानाचं काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर सगळे जमले. भागरताबाई विधवा, धानाची एकच बांधी तिची. ती काकाकडे हात करत छाती बडवत होती. "माहं सालभराचं खानं ढोरायच्या पोटात गेलं, अन् हा राजा झोपा काढून राह्यला होता!" झोपेचा शब्द तिचा. माझा नव्हे. म्हणून काय झालं?

काकाने सांगितलं, ढोरं बाबूच्या हवाली केली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वडिलांनी विचारलं, "खरं सांग. तुह्या हवाली केली होती का त्यानं?"

माझ्या मनात काय आलं असेल, सांगा पाहू? भागरताबाई? काकाचं घर? नाही हो. माझ्या मनात राजाचा मुकुट आला. जिलेटीनचा, आदल्याच दिवशी चिकटवलेला. हो म्हटलं असतं तर तो दुसऱ्याच्या डोक्यावर गेला असता. एवढंच. याहून मोठं कारण आजवर शोधून सापडलं नाही.

मी म्हणालो, "नाही. मी वर गेलो तं काका झोपला होता."

कोणीतरी कालवडीचं काढलं, झोपला होता तर ती आणली कशी म्हणून. दुसरा म्हणाला, गाय काय गुराख्याला उठवून वेते? लोक हसले. त्या गोष्टीवरचं ते पहिलं हसू.

काकाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पाठ विसरलेल्या नटाकडे पाहावं तसं, आता तरी आठवेल म्हणून वाट बघत. मग म्हणाला, "बाबू म्हणते तं तसंच असन."

गावाने त्याची राखण काढून घेतली. आणि आणखी एक काढून घेतलं, जे तुम्हाला लहान वाटेल. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गायगोधन असतं. गाईंची शिंगं रंगवतात, शेणाचं गोधन मांडून त्यावरून त्यांना नेतात, गोवारी मोरपिसं लावून नाचतात. त्यांच्यापुढे मंगरूकाका असायचा. त्या वर्षी त्याला दाराबाहेर येऊ दिलं नाही. सजवलेल्या गाई रोजच्या सवयीने त्याच्याच दारापाशी अडल्या. पुढे सरकेनात. त्यांना काठ्या मारून हाकलावं लागलं. एक काठी माझ्या हातात होती.

चार दिवसांनी मी राजा झालो. टाळ्या पडल्या. काका तोवर बायकोला घेऊन कारध्याला लेकीकडे निघून गेला होता.

इथे संपलं असतं तर मी म्हटलं असतं, तरुणपणीची चूक. पण गोष्ट मी त्यानंतर रचली. पहिल्यांदा कोणाच्या तरी बारशाला सांगितली, मग सांगतच गेलो. घोरणं दोन वर्षांनी घातलं. साळुंक्या तिसऱ्या.

एक्क्याऐंशी साली कारध्यात बायकोच्या चुलतभावाचं लग्न होतं. जेवणानंतर मांडवात आग्रह झाला. मी उठलो, सगळं केलं, आणि लोक डोळे पुसत असताना कोणीतरी ओरडून विचारलं, "खराच होता का जी असा मानूस?"

मागून, पाण्याच्या ड्रमापाशी, आवाज आला. "खरा आहे ना जी. मीच तो."

तो पंगतीत पाणी वाढायच्या कामावर होता. बादली खाली ठेवून पुढे आला, हात जोडून लोकांना म्हणाला, "बाबूनं कमीच सांगतलं. मी याच्याहून जोरानं घोरत होतो."

मांडव कोसळला हसून.

सासरच्या माणसांसमोर त्याने माझी लाज राखली? की मला चपराक मारली? मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. त्याने माझ्या पेल्यात पाणी ओतलं आणि हळू म्हणाला, "बरे आहा ना, बाबू?" मी म्हणालो, "बरा आहो." तेवढंच आमचं बोलणं.

दोन वर्षांनी मोहाडीच्या बाजारात त्याची मुलगी भेटली. तिने सांगितलं, बाबा गेला. मी म्हणालो, चांगला माणूस होता, आणि वांगी निवडत राहिलो.

आता उरलेलं ऐका. त्या लग्नानंतरही मी ती गोष्ट सांगितली. आणि तिला नवा शेवट जोडला — ड्रमामागून आवाज, जोडलेले हात, "मी याच्याहून जोरानं घोरत होतो." त्याच्याच आवाजात. सगळ्यांत मोठा हशा आता तिथेच येतो.

यंदाच्या मंडईत पुन्हा आग्रह झाला. मी उठलो. घोरलो. हात जोडले. बायांच्या बाजूला त्याची मुलगी बसली होती, कोणाकडे तरी पाहुणी आलेली. तीही हसत होती, पदराने डोळे टिपत. शेजारणीला कोपराने ढोसून सांगत होती, "माहा बाप व्हय तो."

मी तिला पाहिलं. प्रेक्षकांना लवून नमस्कार केला, आणि दुसरी गोष्ट सुरू केली.