गढीवरची दोन ताटं

“मॅडम, तुमची दोघींची ताटं तेवढी मोरीवर विसळून पालथी घाला. राग धरू नका, आमच्या गढीची रीत हाय.”

मालकीणबाई हे हसत बोलल्या. पंगतीत कॉलेजचे प्राचार्य, वकील, त्यांच्या बायका. त्यांची ताटं उचलायला बाया उभ्याच होत्या. आमची मायलेकींची तेवढी वेगळी. त्यांची पितळी, आमची स्टीलची. बसतानाच ते दिसलं होतं. उशिरा आलो म्हणून असेल, अशी मीच माझी समजूत घातली.

देवणीजवळच्या त्या गावात मी जनावरांची सरकारी डॉक्टर. वसुबारसेचा दिवस होता. गढीच्या दरवाज्यापासून गोठ्यापर्यंत दिव्यांच्या माळा, झेंडूची तोरणं, बुरुजावर रंगीत उजेड. मागच्याच आठवड्यात गढीची गाय अडली होती. वासरू आडवं. खांद्यापर्यंत हात घालून मी ते ओढून काढलं. म्हणून हे आमंत्रण. त्या संध्याकाळी मालकीणबाई त्याच गाईच्या पाया पडल्या, तिला घास भरवला. आणि तिच्या पोटात गेलेल्या हातानं मी जेवले, तर ते ताट मात्र विटाळलं. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला, गढीनं काहीच बदललं नाही.

पण खरी आग वेगळ्याच गोष्टीनं लागली. मालकीणबाई बोलायच्या आधीच माझा हात ताटाकडे गेला होता.

ही आईची शिकवण. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. म्हणायची, “कुनी सांगायच्या आधीच ताट उचलावं. मंग कुनाला बोलायला जागाच ऱ्हात न्हाई.” मी तशीच वाढले. मैत्रिणींच्या घरी, लग्नकार्यात, साहेबांच्या बंगल्यावर. सगळ्यांच्या आधी उठायचं, मोरी शोधायची. लोक कौतुक करायचे, किती छान वळण आहे पोरीला!

शेजारी माझी लेक बसली होती. दुसरीतली. तिनं भराभर घास संपवला, ताट उचललं आणि म्हणाली, “आई, तुझं पण दे. मोरी कुठाय?”

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती मला बघत आली होती. मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“आम्ही पाहुण्या म्हणून आलोय,” मी म्हणाले. “ह्यांची ताटं जो उचलील, तोच आमची उचलील.”

“सणावारी कशाला वाद वाढवायलात, मॅडम?” प्राचार्य म्हणाले. बाकीचे खाली मान घालून जेवत राहिले. यातले दोघं माझ्या घरी चहा पिऊन गेलेले.

मी लेकीचा हात धरला आणि बाहेर पडले.

घरी आई घाबरली. “बदली करतेल गं तुझी. दोन ताटं धुतली असती तर काय झालं असतं?”

“करू दे.”

लेक विचारत होती, आपलं काय चुकलं? तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. जात हा शब्द मी तिच्यापुढे पहिल्यांदा उच्चारला. ती रडली. मी तिला उगी म्हटलं नाही.

ती गाय पुन्हा अडली तर मी जाईन. जनावराशी माझं वैर नाही. गढीवर जेवायला बोलावलं तरी जाईन. लेकीला घेऊन जाईन. पंगतीच्या मधोमध बसेन, पोटभर जेवेन, आणि उष्टं ताट तिथंच ठेवून उठेन.