वजनकाटा आणि काशिनाथ

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमची पलटण मैदानी छावणीतून डोंगरातल्या पोस्टवर जाणार होती. त्याआधीच्या मेडिकलमध्ये मी ओव्हरवेट निघालो. गाव आटगाव, रँक नायक, पोट सुभेदाराचं. डॉक्टर कॅप्टन साहेब म्हणाले, "उतरवा. नाहीतर लो मेडिकल कॅटेगरी. पलटण वर जाईल, तुम्ही खाली स्टोअर सांभाळाल." माझ्या हाताखालची तुकडी, माझा सेक्शन, माझ्याशिवाय वर जाणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी जेवण तोडलं. दिवसाला एक रोटी, काकडी आणि चहा. रेनकोट चढवून पळायचो. काटा भराभर खाली आला आणि स्वारी खुशीत होती. मग एका सकाळी रायफल पाठीला लावून रोप, म्हणजे टांगलेला दोर, चढताना अर्ध्यावरच हात सुटले. सगळ्या सेक्शनसमोर खाली आपटलो.

लान्स नायक काशिनाथ तिथंच उभा होता. मुरबाडकडचा, अंगाने किरकोळ, पण रोपला हात लावला की गडी वरच. एकाच जिल्ह्यातले म्हणून मला दादा म्हणायचा.

"दादा, तुमी चरबी नाय उतरवत, मांस उतरवताय. जोर कुठून येणार?"

"तू कधीपासून डॉक्टर झालास?"

"दोनदा भरतीत नापास झालो, तेव्हापासून."

त्याची अडचण माझ्या उलट होती. पहिल्या भरतीला वजन कमी पडलं. केळी खाऊन, वर तांब्याभर पाणी पिऊन काट्यावर उभा राहिला, तरी भरेना. मग वर्षभर भात हाणला. वजन वाढलं, पण सगळं पोटावर. छाती टेपला पुरली नाही. तिसऱ्या खेपेच्या आधी भातगिरणीत गोण्या उचलायचं काम धरलं आणि ताटात चवळी, अंडी, सुकट वाढवली. तेव्हा कुठे छाती भरली. नुसतं खाल्लं तर पोट सुटतं, नुसतं उपाशी राहिलं तर हाडं उरतात. उचलायचंही आणि खायचंही, असं त्याचं सरळ गणित होतं.

दुसऱ्या दिवसापासून लंगरमध्ये तो माझ्या ताटावर पहारा द्यायला बसला. डाळ दुप्पट, अंडी, मटण असेल तर मटण. भात निम्मा, पुरी बंद. चहात साखर नाही, हे मात्र मला फार जड गेलं. संध्याकाळी पाण्याने भरलेले जेरीकॅन आणि वाळूची पोती उचलायची. काटा हलेना, तसा मी चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "काटा नका बघू, पट्टा बघा." पट्टा दोन भोकं आत गेला होता.

पुढच्या मेडिकलला वजन जेमतेम हद्दीत बसलं. डॉक्टरांनी कंबर मोजली आणि रोप चढायला लावलं. चढलो. त्यांनी "फिट" म्हटलं आणि मी पलटणीबरोबर वर गेलो. त्यातलं निम्म्याहून जास्त श्रेय काशिनाथचं.

काही आठवड्यांनी पहाटे पोस्टवर गोळाबारी सुरू झाली. काशिनाथ पाणी घेऊन वाटेवर होता. तोफगोळ्याचा स्प्लिंटर त्याच्या मांडीत घुसला. मी पट्टी आवळली आणि रेडिओ घेतला.

"एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"वाट तुटली आहे. स्ट्रेचर येणार नाही. तुम्ही आणू शकता? ओव्हर."

"आणतो. आउट."

त्याला खांद्यावर घेऊन उतरलो. कुठेही थांबलो नाही. वाटेत तो एकदाच बोलला.

"दादा, जड नाय ना?"

"गप रे. तुझ्यापेक्षा गोणी जड."

खाली पोहोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. हेलिकॉप्टरने त्याला हॉस्पिटलला नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. सगळ्या नोकरीत इतका भला आणि इतका पक्का गडी मी दुसरा पाहिला नाही.

सुट्टी मिळताच त्याच्या घरी गेलो. त्याची आई ओटीवर बसली होती. मी कोण ते सांगितलं, त्याला खांद्यावरून खाली आणलं तेही सांगितलं. तिने पहिल्यांदा हेच विचारलं, "तिकडं पोटभर खायचा का रे? इथं किरकोळच होता."

"खायचा, आई. मलाही त्यानेच खायला शिकवलं."

ती उठली. माझा दंड चाचपला, मग खांदा.

"ह्याच खांद्यावर होता?"

"हो."

हात तिथंच ठेवून ती म्हणाली, "बस. जेवून जा."

मी बसलो. तिने वाढलेलं सगळं संपवलं.