भुरी कुठेही जाणार नाही

भाईंदर पश्चिमेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंग करून गिरिजा सागवेकरने दोन मुली एकटीने वाढवल्या. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी राजापूरला परत चल म्हणून हट्ट धरला होता, पण ही हलली नाही. मुली लग्न होऊन गेल्या, तळमजल्यावरच्या खोलीत ती एकटी उरली आणि जिन्याखाली राहणारी भुरी कुत्री हळूहळू तिच्या घरचीच झाली.

त्या उन्हाळ्यात बिल्डिंगमध्ये गोचिडी झाल्या. जिन्याच्या भिंतीवर चढताना दिसू लागल्या. चेअरमन हरिश्चंद्र पाटकरांच्या सुनेला पलंगाच्या पायाशी एक सापडली आणि सोसायटीत गहजब झाला. भुरीला हटवा, यावर सगळ्यांचं लगेच एकमत!

नेमकी तेव्हाच भुरी आजारी पडली. खाणं सुटलं, अंग तापलं, हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या. एका सकाळी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं, तशी गिरिजाने कामावर खाडा केला. कुत्रा बघून रिक्षावाले थांबेनात. तिने भुरीला चादरीत गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि भर उन्हात जनावरांचा दवाखाना गाठला.

"टिक फीवर आहे," रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर संचिता म्हणाल्या. "गोचीड चावली की तिच्यातून जंतू रक्तात जातात. महिनाभर गोळ्या द्या. मधेच बरी दिसली तरी थांबवू नका. आणि गोचिडी फक्त कुत्र्याच्या अंगावर नसतात, भिंतीच्या भेगांत अंडी घालतात. जागा साफ केली नाहीत तर पुन्हा हेच."

गिरिजा तशीच पाटकरांच्या दारात गेली. "साहेब, जिन्यात फवारणी करा. भेगा बुजवा."

"आधी कुत्री जाऊ दे, ताई. मग बघू."

"भुरी गेली तरी भिंतीतल्या गोचिडी कुठे जाणारेत? त्यांना दुसरं कुणीतरी लागेल. मग तुमचाच पाय सापडायचा."

पाटकरांनी दार लावून घेतलं.

रविवारी टेम्पो आला. भुरीला हायवेच्या पलीकडे, काशीगावच्या बाजूला सोडायचं ठरलं होतं. गिरिजाने ते ऐकलं आणि भुरीला मांडीवर घेऊन जिन्याच्या तोंडाशीच फतकल मारली.

"मौसी, हट जाओ. हमको ऑर्डर है."

"किसका ऑर्डर? लिखके दिखाओ! बीमार कुत्ते को हाथ लगाया ना, तो सीधा चौकी में जाएगी मैं."

वरून पाटकर ओरडले, "ताई, तमाशा नको!"

"तमाशा तुम्ही आणलात, टेम्पोत घालून! मी माझ्या दारात बसलेय. उचलायचं तर आधी मला उचला."

भुरीच्या अंगाचा चटका तिच्या मांडीला लागत होता. आतून ती घाबरली होती. पोलीस खरंच आपलं ऐकतील का, याची तिला मुळीच खात्री नव्हती. पण ती उठली नाही. टेम्पोवाला कंटाळून रिकामाच गेला.

त्याच दुपारी तिने व्हाइट सिमेंट आणलं आणि स्टुलावर चढून भेगा बुजवायला घेतल्या. तिसऱ्या मजल्यावरची मिनल खाली आली. भुरीला हटवा म्हणताना तिनेही हात वर केला होता.

"मी कुत्र्यांच्या बाजूची नाहीये हां," तिने आधीच सांगून टाकलं. "पण माझीही पोरं याच जिन्यावरून उतरतात." आणि तिने घमेलं धरलं.

पुढच्या आठवड्यात मिनलने चार घरं वर्गणीला तयार केली, फवारणीवाला बोलावला. औषध सुकेपर्यंत गिरिजाने भुरीला मागच्या गल्लीत बांधून ठेवलं. गोळी रोज चपातीत दडवून दिली.

भुरी वाचली. तिचा डावा डोळा मात्र कायमचा धुरकट झाला. त्या बाजूने कुणी आलं की ती दचकते. गिरिजा दर महिन्याला तिच्या मानेवर औषधाचे थेंब टाकते. एखादी गोचीड दिसलीच तर रॉकेल नाही, पेटती काडी नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढते.

पाटकर पुष्कळ दिवस बोलत नव्हते. परवा गेटवर थांबले. "अजून आहे का ही?"

"आहे," गिरिजा म्हणाली. "आणि राहणार." पिशवी सावरत ती कामाला निघून गेली.