नातीचं मिक्सिन आणि आमचा जॉबर

चौथीत शाळा सोडली, पण "मला कळत नाही" असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. नात घरी बसून कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. तिलाही तसं कधी म्हटलं नाही.

त्या दिवशी दुपारी तीनला तिला साहेबाला काम चालवून दाखवायचं होतं. दोन वाजले तरी संगणकावर लाल अक्षरंच. पोरगी रडकुंडीला आलेली. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो.

"आबा, तुम्ही झोपा की."

"आधी सांग, अडलंय कुठं?"

मी उठणार नाही हे बघून तिनं सांगितलं. क्लास म्हणजे साचा. त्यातली प्रोटेक्टेड वस्तू त्या साच्यानं आणि त्याच्यापासून निघालेल्या पोरासाच्यांनीच हाताळायची, बाहेरच्यानं नाही. मिक्सिन म्हणजे सुटं कसब, कुठल्याही साच्याला जोडायचं. तिचं मिक्सिन त्या वस्तूला हात लावायला गेलं की संगणक अडवायचा.

"बरोबरच करतोय," मी म्हणालो.

"तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"संगणकाच्या."

ती भडकली. "मग ती वस्तू सगळ्यांना खुलीच करून टाकते!"

"खबरदार!" मी असा ओरडलो की सून लाटणं घेऊनच बाहेर आली.

चाळीस वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवले. मागाच्या सेटिंगला आल्यागेल्याचा हात लागला की एका टोकाला चादर अन् दुसऱ्या टोकाला रुमाल निघतो. दुरुस्तीला जॉबर यायचा, आज या कारखान्यात, उद्या त्या. "कुठलाही माग करतो" म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत लावायचो. "ह्या बनावटीचेच करतो" म्हणेल त्यालाच आत हात घालू द्यायचो.

"तुझं मिक्सिन म्हणतंय, कुठलाही साचा चालेल. ती वस्तू ज्या साच्यात आहे तो आणि त्याची पोरं, एवढ्यांनाच जोडीन, असं लिहून घे त्याच्याकडून."

नात कीबोर्डकडं वळली. मग तिनं एक ओळ बदलली. लाल अक्षरं गेली.

तीनला संगणकावरच्या मीटिंगमध्ये काम चाललं. "झकास! कसं सुचलं?" साहेबानं विचारलं. मी मागं स्वच्छ टोपी घालून उभाच होतो.

"सुचलं, सर," नात म्हणाली.

मी तीनदा खोकलो. तिनं माईक बंद केला.

नंतर चहा घेऊन आली. "आबा, तुमचं नाव सांगितलं असतं, पण मग त्यांनी तुम्हाला रोजच मीटिंगला बसवलं असतं."

"बसवू दे की," मी म्हटलं. "मला कुठं काय काम आहे?"